नेत्रसंशोधनाची पारख आकड्यावर सोपवता येणार नाही

सांगली-मिरज आणि सातारा-कराड या पट्ट्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापकांच्या बढतीचा विषय निघाला, किंवा ग्रंथालयाने नेत्रविभागासाठी कोणती जर्नले घ्यावीत हा प्रश्न आला, की एक वाद हमखास सुरू होतो, आणि तो ज्या पद्धतीने घातला जातो ती मला घातक वाटते. एक बाजू म्हणते की ज्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्याच्या निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, अमुक आकड्याच्या खाली आहे त्यात छापलेला निबंध जमेस धरूच नये. दुसरी बाजू म्हणते की हा सारा परदेशी प्रकाशकांचा व्यापार आहे, तेव्हा आकडा केराच्या टोपलीत टाकावा आणि आपल्याकडची सर्व जर्नले एका पंक्तीला बसवावीत. हा आकडा नेमके काय मोजतो, हे पहिल्या बाजूने पाहिलेले नाही. तो आपल्याकडे इतका का रुजला, हे दुसरीने पाहिलेले नाही. माझे मत असे आहे की सायटेशनचा, म्हणजे एका निबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिल्याच्या नोंदींचा, आकडा निबंध लिहिणाऱ्यांच्या आपापसातील देवाणघेवाणीची मोजदाद करतो आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे. पण डोळ्यांच्या आजारांवरील जर्नलचा दर्जा त्यावरून ठरवता येत नाही. नेत्रसेवेतील संशोधन ज्यांनी रोज वापरायचे असते त्यांतील बहुसंख्य लोक आयुष्यात एकही निबंध लिहीत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या वाचनाची, त्या वाचनातून वाचलेल्या डोळ्यांची नोंद या आकड्यात कधीच होत नाही.

हा आकडा जन्माला आला तो ग्रंथपालांच्या अडचणीतून. 1927 साली अमेरिकेत ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी रसायनशास्त्राच्या एका जर्नलमधील संदर्भांची मोजणी केली, ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मर्यादित पैशांत कोणती जर्नले घ्यावीत हे ठरवण्यासाठी. 1955 साली युजीन गारफिल्ड यांनी संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली, 1964 साली त्यांच्या संस्थेची विज्ञान-संदर्भसूची बाहेर पडली, आणि सत्तरच्या दशकात जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर दरवर्षी छापले जाऊ लागले. त्याचे गणित सोपे आहे. एखाद्या जर्नलने 2022 आणि 2023 या दोन वर्षांत छापलेल्या लेखनाचे संदर्भ 2024 मध्ये किती वेळा दिले गेले, त्या संख्येला त्याच दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागले की 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो. त्यातही संपादकीये आणि पत्रे भाजकात धरली जात नाहीत, पण त्यांना मिळालेले संदर्भ भाज्यात धरले जातात. ग्रंथालयाच्या खरेदीसाठी एवढे माप पुरेसे होते. त्याच मापाने माणसाची आणि त्याच्या निबंधाची किंमत करायची, हे नंतरच्यांनी ठरवले, आणि आपण बांधले गेलो आहोत ते या नंतरच्या निर्णयाने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर एकपेक्षा कमी असलेल्या जर्नलमधील निबंधाला 10 गुण आणि दहापेक्षा जास्त असलेल्या जर्नलमधील निबंधाला 30 गुण, अशी पायऱ्यांची शिडीच दिलेली आहे. आता डोळ्यांच्या विषयातील दहाच्या पुढची जर्नले अगदी मोजकी आहेत, आणि त्यांत अनेक वर्षे अग्रभागी असणारे जर्नल प्रामुख्याने आढावा-लेख छापते. आढाव्याचे संदर्भ मूळ प्रयोगापेक्षा जास्त दिले जातात, एवढे साधे कारण त्यामागे आहे. उलट कर्करोगाच्या एका जर्नलचा आकडा दोनशेच्याही पुढे गेलेला आहे, कारण दरवर्षीची कर्करोगाची आकडेवारी त्यात छापली जाते आणि प्रत्येक लेखक प्रस्तावनेत तिचा हवाला देतो. मग नेत्रतज्ज्ञाचे संशोधन कर्करोगतज्ज्ञाच्या संशोधनापेक्षा हलके ठरते काय?

सरासरीचा दोष समजावून सांगायला आपल्या भागात लांब जावे लागत नाही. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला पैसेवारी, म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारने काढलेला सरासरी अंदाज, काय असते ते पुरते ठाऊक आहे: गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर निघाली म्हणून एखाद्याच्या करपलेल्या रानात ज्वारी उगवत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर ही जर्नलची पैसेवारी आहे, आणि आपण ती एकेका निबंधाच्या सातबाऱ्यावर चढवत आहोत. पेर सेग्लेन यांनी 1997 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिले होते की जर्नलला मिळणाऱ्या संदर्भांपैकी निम्मे संदर्भ जेमतेम 15 टक्के निबंधांनी मिळवलेले असतात. म्हणजे उरलेले बहुसंख्य निबंध त्या थोड्यांच्या पुण्याईवर मिरवतात. याचे टोकाचे उदाहरण स्फटिकशास्त्रातील एका जर्नलचे आहे. 2008 साली त्यात छापलेल्या एकाच निबंधाला, जो एका संगणक प्रणालीच्या इतिहासाविषयी होता, इतके संदर्भ मिळाले की जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर 2 च्या आसपास होता तो 2009 साली जवळजवळ 50 वर गेला. करोनाच्या काळात लॅन्सेटचा आकडा 79 वरून एका वर्षात 202 वर गेला आणि 2023 चा आकडा पुन्हा शंभराच्या खाली आला. त्या जर्नलचे संपादक तेच होते, परीक्षणाची पद्धत तीच होती. ज्या काळात आकडा चढत होता त्याच काळात, 2020 च्या मे महिन्यात, त्याच लॅन्सेटने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा एक निबंध छापला आणि त्यातील माहितीची खातरजमाच होऊ शकत नाही असे दिसल्यावर जून महिन्यात तो मागे घेतला.

तरीही आकड्याचा आग्रह धरणाऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी हलका करून सांगणार नाही, कारण तो खरोखरच बळकट आहे. आपल्याकडे निवड समित्यांचा इतिहास निष्कलंक नाही. कोणाचा नातलग, कोणाचा शिष्य, कोणत्या नेत्याची चिठ्ठी, यावर नेमणुका झाल्याचे या दोन जिल्ह्यांत कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. अशा वातावरणात एखाद्या जिरायती गावातून शिकून आलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या तरुण डॉक्टरला आकडा हाच एकमेव साक्षीदार वाटतो. समितीतील कोणालाही त्याचा चेहरा आवडो न आवडो, अमुक आकड्याच्या जर्नलमध्ये त्याचा निबंध आहे हे नाकारता येत नाही. शिवाय पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी बनावट जर्नले आपल्या देशात पिकली आहेत, आणि आकड्याची अट काढली तर त्या दुकानांना रान मोकळे मिळेल ही भीतीही खरी आहे. जो माणूस आकड्याचा आग्रह धरतो तो बहुधा अन्यायाला विटलेला असतो, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

पण आकड्याने वशिला संपला का? मला दिसते ते असे की वशिला मुलाखतीच्या खोलीतून निघून लेखकांच्या नामावलीत जाऊन बसला. ज्याच्या हाती विभाग आहे, रुग्ण आहेत आणि निधी आहे, त्याचे नाव हाताखालच्या प्रत्येक निबंधावर न मागता चढते. ज्याने दोन वर्षे रुग्णांच्या डोळ्यांची मोजमापे घेतली तो चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ढकलला जातो. मोठ्या आकड्याच्या अनेक खुल्या जर्नलांत निबंध छापण्याचे शुल्क लाखांत जाते, आणि ते भरण्याची ऐपत पुन्हा त्याच पोचलेल्या माणसाकडे असते. पाठीशी कोणी नसलेल्या ज्या तरुणासाठी आपण आकडा मागितला तो याही व्यवस्थेत मागेच राहतो, फरक एवढाच की आता त्याच्यावरचा अन्याय निःपक्षपाती दिसतो. बनावट जर्नलांचे म्हणाल तर त्यांनी आकड्याचीही नक्कल केली. इम्पॅक्ट फॅक्टरशी मिळत्याजुळत्या नावाचे खोटे निर्देशांक विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि मुखपृष्ठांवर ते आकडे झळकू लागले. खऱ्या जर्नलांनाही मोह आवरत नाही. 2013 साली ब्राझीलमधील चार जर्नले एकमेकांना ठरवून संदर्भ देत असल्याचे उघड झाले आणि त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर रोखले गेले. जे माप लबाडाला अडवत नाही आणि गरिबाला उचलत नाही, ते केवळ मोजायला सोपे आहे म्हणून चालू ठेवायचे काय?

आता मूळ विषयाकडे, म्हणजे डोळ्यांकडे येतो, कारण माझा खरा आक्षेप तेथे आहे. कृष्णाकाठी गळिताचा हंगाम सुरू झाला की फडात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांना उसाची पात लागते. पातीची कड करवतीसारखी असते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो, डोळा चुरचुरतो, पाणी येते, आणि मजूर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता घेऊन फडात जातो, कारण खाडा परवडत नाही. त्या ओरखड्यातून बुरशी शिरली की काही दिवसांत बुबुळावर व्रण होतो. कोणी औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घातले तर बुरशी अधिकच फोफावते, आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. मदुराई येथे 434 रुग्णांच्या बुबुळांच्या व्रणांची जी पाहणी 1997 साली प्रसिद्ध झाली तिच्यात जंतू सापडलेल्या व्रणांपैकी बुरशीचे आणि जिवाणूंचे व्रण जवळजवळ समसमान निघाले. शेतीप्रधान उष्ण प्रदेशाबाहेर हे प्रमाण आढळत नाही. म्हणजे हा आजार आपला आहे, आपल्या पिकांचा आणि आपल्या मजुरांचा आहे. त्याच्यावर लिहिणारे जगात थोडे आहेत, म्हणून त्याचे संदर्भ देणारेही थोडे आहेत.

नेपाळमधील भक्तपूर येथे एक प्रयोग झाला आणि 2001 साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी डोळ्याला ओरखडा आलेल्या माणसांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम घातले. जे रुग्ण जखम झाल्यापासून 18 तासांच्या आत आले त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. इतके साधे, इतके स्वस्त आणि शिराळा-पाटणच्या डोंगरी गावांत उद्यापासून आशा कार्यकर्तीला शिकवता येईल असे हे ज्ञान आहे. ते वाचून एखाद्या ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने मलमाच्या नळ्या उपकेंद्रांवर ठेवल्या आणि हंगामात काही मजुरांचे डोळे वाचले, तर त्या निबंधाच्या खात्यावर किती सायटेशन जमा होतील? एकही नाही. आणि त्याच निबंधाचा हवाला दूरच्या विद्यापीठातील कोणी, न वाचता, प्रस्तावनेतील तिसऱ्या वाक्यात दिला, तर एक जमा होईल. नेत्रसेवेतील ज्ञानाचा मोठा भाग असा बिनबोभाट वापरला जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणारा उपजिल्हा रुग्णालयातील सर्जन, शाळेत मुलांची नजर तपासणारा नेत्रचिकित्सा अधिकारी, शिबिराचे नियोजन करणारा कार्यक्रम व्यवस्थापक, हे सर्व वाचक आहेत आणि त्यांतील फार थोडे लेखक आहेत. लंडनहून 1988 पासून निघणारे कम्युनिटी आय हेल्थ जर्नल मुद्दाम अशा वाचकांसाठी काढले गेले आणि गरीब देशांतील कार्यकर्त्यांना विनामूल्य पाठवले गेले. इम्पॅक्ट फॅक्टरच्या शिडीवर त्याला कोणती पायरी द्यायची?

यावर कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की ज्या संशोधनाचे मी गोडवे गातो ते तर नामांकित जर्नलांतच छापले गेले. भक्तपूरचा निबंध आणि मदुराईची पाहणी ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीमध्ये आली. बुरशीच्या व्रणावर महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा जुने नॅटामायसिनच सरस ठरते हे दाखवणारी दक्षिण भारतातील चाचणी 2013 साली जामा ऑफ्थॅल्मॉलॉजीमध्ये आली. आपल्या शेजारी पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेची तुलना आधी टाक्यांच्या शस्त्रक्रियेशी आणि मग फेकोशी, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या शस्त्रक्रियेशी, केली गेली, आणि यंत्रावाचून होणारी ही स्वस्त शस्त्रक्रिया कमअस्सल नाही हे सिद्ध झाले. त्याही चाचण्या 2003 आणि 2005 साली बड्या जर्नलांनी छापल्या. मग चांगले काम वरच जाते, असे का म्हणू नये? कधीकधी जाते, हे मी मानतो, आणि गेले की आनंदच होतो. पण या सर्व कामांमागे मोठी रुग्णालये, संख्याशास्त्रज्ञ आणि बहुतेक वेळा परदेशी सहकारी उभे होते. मिरजेतील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन गळीत हंगामांतील व्रणांची नोंद ठेवली, कोणत्या तालुक्यातून रुग्ण किती उशिरा येतात आणि वाटेत कोणते थेंब घालून येतात हे नीट मांडले, तर ते काम या जिल्ह्यासाठी त्या चाचण्यांच्या तोलाचे ठरेल. परंतु ते वरच्या जर्नलात जाणार नाही, कारण त्यात जगाला नवे काही नाही. आकड्याची अट घातली की तो विद्यार्थी हा विषय सोडून देतो आणि डोळ्याच्या पडद्याच्या एखाद्या चलतीतल्या इंजेक्शनवर चाळीस रुग्णांचा निबंध लिहितो, ज्यातून जगालाही काही मिळत नाही आणि जतलाही काही मिळत नाही.

हा अनुभव आपल्या मातीला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर देण्याची पद्धत 1862 साली आली आणि तिची छाया इकडेही पडली. युक्तिवाद आजच्यासारखाच होता: सरकारचा पैसा फळ पाहून द्यावा, शाळा तपासनिसाच्या मर्जीवर नको. ज्यांचे मूळ घराणे आपल्या खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा या पद्धतीला स्पष्ट विरोध केला. गरीब आणि शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, तेथे निकालावर पैसा देण्याची रीत लागू पडणार नाही आणि अशा वस्तीत आपल्या जबाबदारीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्याचे मोल मला फार वाटते. निकाल मोजणे मुळातच वाईट आहे, असा त्यांचा आक्षेप नव्हता. जेथे मागणी आधीच आहे तेथे हे माप पैसा नेऊन टाकते, आणि जेथे मागणी तयार करायची आहे ती जागा उपाशी ठेवते, हे त्यांनी ओळखले होते. सायटेशनचे माप हेच करते. जेथे लिहिणाऱ्यांची गर्दी आहे त्या विषयाला ते आणखी गर्दी मिळवून देते, आणि उसाच्या फडातल्या डोळ्याकडे पाहणारा एकटा पडतो.

काळाचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 साली लंडनमध्ये माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. त्यांच्या व्यवसायबंधूंनी कित्येक वर्षे त्यांना विरोध केला, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता अशा भिंगांना मिळाली ती 1981 साली. आज आपल्या खेड्यापाड्यांतील लाखो म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत ते भिंग आहे. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मापाला हे कधी दिसले असते?

दुसऱ्या बाजूलाही मला तितक्याच कळकळीने सांगायचे आहे की आकडा नाकारणे म्हणजे पारख नाकारणे नव्हे. देशी आहे म्हणून जर्नल चांगले, ही भूमिका आळशी आहे आणि रुग्णांशी अप्रामाणिक आहे. नेत्रतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी या जर्नलने, जे 1953 पासून निघते आहे, 2021 साली काळ्या बुरशीने हाहाकार माजवला असताना देशभरातील केंद्रांतून 2826 रुग्णांची माहिती गोळा करून काही आठवड्यांत डॉक्टरांच्या हाती दिली. या जर्नलला मान द्यायचा तो या कामासाठी, त्यातील माहिती कशी जमवली आणि कशी तपासली हे वाचून. आणि त्याच निकषावर एखादे भारतीय जर्नल परीक्षणाशिवाय काहीही छापत असेल, तर ते आपले आहे म्हणून त्याची गय करण्याचे कारण नाही. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद भारताच्या चाचणी नोंदवहीत, जी 2009 पासून सक्तीची आहे, केली होती का; आधी जाहीर केलेलाच परिणाम निबंधात सांगितला आहे, की सोयीचा दुसरा; पाठपुराव्यातून गळालेल्या रुग्णांचा हिशेब दिला आहे का; चूक लक्षात आल्यावर जर्नलने दुरुस्ती ठळकपणे छापली की दडपली: हे प्रश्न कोणत्याही जर्नलला विचारता येतात, त्यांची उत्तरे कागदावर सापडतात आणि त्यांसाठी कोणाच्या मर्जीची गरज पडत नाही. वशिल्याला घाबरणाऱ्या माझ्या मित्रांनी याचा विचार करावा. 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आकार घेतलेल्या जाहीरनाम्याने जर्नलच्या आकड्याने माणसाची किंमत करू नये असे म्हटले, 2015 च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करा असे म्हटले. परदेशी विद्वान हे म्हणत असताना आपण मात्र त्यांनीच टाकून द्यायला घेतलेले माप छातीशी धरून बसलो आहोत.

राहता राहिला वेळेचा आक्षेप: समितीने एवढे निबंध वाचायचे कधी? वैद्यकीय अध्यापकाच्या बढतीला लागणारे निबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. उमेदवाराने त्यांतील दोन स्वतः निवडावेत, त्यात आपण प्रत्यक्ष काय केले हे एका पानात लिहावे, आणि ते निबंध जिल्ह्याबाहेरच्या, शक्यतो राज्याबाहेरच्या दोन नेत्रतज्ज्ञांकडे आधी पाठवून त्यांचे लेखी अभिप्राय उमेदवाराला दाखवण्याच्या अटीवर मागवावेत. अभिप्राय उघड झाला की त्याला उत्तर देता येते, अपील करता येते. आकड्याला उत्तर देता येत नाही. यासाठी परीक्षकांना मानधन द्यावे लागेल आणि एका बढतीला महिनाभर जास्त लागेल. जो माणूस पुढची वीस-पंचवीस वर्षे नव्या नेत्रतज्ज्ञांच्या पिढ्या घडवणार आहे आणि ज्याच्या शिकवणीवर या दोन जिल्ह्यांतील मोतीबिंदूपासून बुबुळाच्या व्रणापर्यंतची शुश्रूषा अवलंबून राहणार आहे, त्याच्या निवडीसाठी एक महिना मला जास्त वाटत नाही.